हे बंद पडले तर काय थांबेल?

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या महिन्यात या सदरात जुना सर्व्हर बदलण्यापूर्वी काय काय तपासावे याविषयी थोडक्यात लिहिले होते. त्यात एक वाक्य असे होते की, त्या सर्व्हरवर कोणकोणत्या प्रणाली अवलंबून आहेत याचा नकाशा आधी हाताशी असावा. या एका वाक्यावर कोल्हापूर परिसरातून बरीच पत्रे आली. प्रश्न महत्त्वाचा आहे आणि कारखानदारीत तो रोज आडवा येतो, म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्यासाठीच ठेवले आहे.

प्रश्न : आमच्या उद्योगसमूहाच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथे फौंड्री आहेत आणि कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत मशीन शॉप आहे. गेल्या वीस वर्षांत गरज पडेल तसे सॉफ्टवेअर घेत गेल्यामुळे ईआरपी (सर्व विभागांचे व्यवहार एकत्र सांभाळणारे मुख्य सॉफ्टवेअर), हजेरी, पगार, वजनकाटा, प्रयोगशाळा, पॅटर्न स्टोअर, देखभाल अशा मिळून आज साठ-सत्तर प्रणाली झाल्या आहेत. कोणती कोणाशी जोडलेली आहे हे कोणाही एकाला पूर्ण सांगता येत नाही. आपोआप नकाशा काढून देणारे एक महागडे सॉफ्टवेअर घेण्याचा व्यवस्थापनाचा विचार आहे. ते घ्यावे का, आणि सुरुवात कुठून करावी? (माहिती तंत्रज्ञान विभागप्रमुख, शिरोली)

उत्तर : सॉफ्टवेअर घेण्यास माझी हरकत नाही, पण कामाची सुरुवात त्याने करू नये, आणि सर्व्हर रूममधूनही करू नये. सुरुवात कारखान्याच्या गेटवरून करावी, असे माझे अनेक वर्षांच्या अनुभवानंतर झालेले पक्के मत आहे.

कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, भरलेला एक ट्रक गेटवर उभा आहे असे समजा. तो बाहेर पडायला काय काय लागते ते गेटवरच्या माणसाला विचारा आणि तेथून एकेक पाऊल मागे चालत जा. गेटपास हवा. माल राज्याबाहेर जाणारा आणि ५०,००० रुपयांहून अधिक किमतीचा असेल तर ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा सरकारी ऑनलाइन परवाना हवा. वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांहून अधिक असलेल्या उद्योगांना १ ऑगस्ट २०२३ पासून नोंदणीकृत व्यावसायिक ग्राहकांच्या बिलासाठी ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे, म्हणजे बिलावर सरकारी पोर्टलकडून मिळणारा ६४ अक्षरांचा संदर्भ क्रमांक हवा. तुमच्या साठ-सत्तर प्रणालींच्या यादीत हे पोर्टल बहुधा नसेल, कारण ते तुमचे नाही. पण ते बंद असेल तेव्हा तुमची गाडी उभी राहते, म्हणून त्याला नकाशात जागा हवीच. आणखी मागे गेलात की बिलासाठी वजन लागते आणि ते काट्यावरच्या संगणकातून येते. ग्राहकाला मालाबरोबर टेस्ट सर्टिफिकेट लागते, सर्टिफिकेटसाठी हीट नंबर, म्हणजे भट्टीतून एका वेळी काढलेल्या धातूरसाचा क्रमांक लागतो, आणि त्या हीटचे कार्बन-सिलिकॉनचे आकडे प्रयोगशाळेतल्या स्पेक्ट्रोमीटरवरून, म्हणजे धातूतील घटक मोजणाऱ्या यंत्रावरून येतात. एका ट्रकचा माग काढताना सात-आठ प्रणाली आणि त्यांच्यामधले दहा-बारा दुवे तुमच्या कागदावर उतरतील, आणि त्यातला प्रत्येक दुवा पैसे अडवणारा असेल. असाच माग मग पगाराचा काढा, कच्च्या मालाच्या आवकेचा काढा, ग्राहकाच्या तक्रारीचा काढा. चार-पाच फेऱ्यांत महत्त्वाच्या बहुतेक प्रणाली येऊन जातात. उरतात त्यांना घाई नसते.

मी पूर्वी नोकरीला होतो त्या एका कारखान्यात घडलेली गोष्ट येथे सांगतो, कारण या विषयाची मला लागलेली काळजी तिथूनच सुरू झाली. प्रयोगशाळेतल्या लोखंडी टेबलाखाली एक जुना संगणक होता. त्याला मॉनिटर नव्हता, सँडच्या काळ्या धुळीने त्याचे पंख्याचे भोक निम्मे बुजले होते, आणि आमच्या मालमत्ता नोंदवहीत त्याच्यापुढे 'वापरात नाही' असा शेरा होता. एका शनिवारी दुपारी तो मीच काढून भांडारात पाठवला. सोमवारी सकाळी टेस्ट सर्टिफिकेट छापली गेली ती रासायनिक घटकांचे रकाने रिकामे ठेवून. चार गाड्या भरून उभ्या होत्या आणि दुपारपर्यंत कारण सापडले नाही. स्पेक्ट्रोमीटरचा संगणक आपल्या निकालाची फाइल त्या टेबलाखालच्या संगणकाच्या फोल्डरमध्ये टाकत असे, आणि तिथला एक छोटा प्रोग्राम दर दहा मिनिटांनी ती वाचून आकडे ईआरपीत भरत असे. तो प्रोग्राम काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणार्थी मुलाने लिहिला होता आणि तो मुलगा नोकरी सोडून गेला होता. स्पेक्ट्रोमीटर कोणाचा हे सर्वांना माहीत होते, ईआरपी कोणाचे हेही माहीत होते, पण त्या दोहोंना जोडणाऱ्या दुव्याला कोणी वाली नव्हता. चूक माझीच होती, कारण प्रयोगशाळेतल्या मंडळींना एक प्रश्नही न विचारता मी केवळ नोंदवहीवर विसंबलो.

म्हणून माझा आग्रह असा की, नकाशात जसे प्रणालीला नाव असते तसे दुवा दाखवणाऱ्या प्रत्येक बाणालाही नाव आणि जबाबदार माणूस असावा. बाणावर किमान एवढे लिहिलेले असावे: काय जाते, कोणत्या मार्गाने जाते, म्हणजे फाइल, डेटाबेस, वेब सेवा, ई-मेल की माणसाच्या हाताने, किती वेळाने जाते, कोणाच्या लॉगिनने जाते, आणि बिघडले तर फोन कोणाला करायचा. लॉगिनचा मुद्दा किरकोळ वाटतो पण तसा तो नाही. रात्री आपोआप चालणारी कामे पुष्कळदा ज्याने ती लावली त्याच्याच नावाने चालत असतात, आणि तो माणूस निवृत्त झाल्यावर नियमाप्रमाणे त्याचे खाते बंद केले की त्या रात्रीपासून कुठलासा अहवाल येईनासा होतो.

बाणाच्या दिशेवरून फार घोटाळे होतात, त्यामुळे तिचा अर्थ पहिल्याच दिवशी सर्वांनी मिळून ठरवून घ्यावा. काही जण माहिती जिकडे वाहते तिकडे बाण काढतात, काही जण जो ज्याच्यावर अवलंबून आहे त्याच्याकडे काढतात, आणि एकाच कागदावर दोन्ही प्रकार आले की तो कागद वाचणाऱ्याची दिशाभूल करतो. वरच्याच उदाहरणात आकडे प्रयोगशाळेकडून ईआरपीकडे वाहतात, पण सर्टिफिकेटच्या दृष्टीने ईआरपीच प्रयोगशाळेवर अवलंबून आहे. मी नेहमी दुसरी रीत वापरतो. बाणाचे टोक ज्याच्याकडे आहे तो थांबला की बाणाच्या मुळाशी असलेल्याला झळ बसते, एवढा एकच अर्थ. असे केले की 'हे बंद पडले तर काय थांबेल?' या प्रश्नाचे उत्तर बाण उलटे चालत जाऊन कोणालाही काढता येते.

झळ बसते खरी, पण ती किती वेळाने बसते हेही लिहावे लागते. कोल्हापूरकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले म्हणजे त्याच क्षणी पंचगंगेला पूर येत नाही. राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे आणि पुढे ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकायला मधे काही तास जातात, आणि त्या तासांतच माणसे व जनावरे हलवण्याचे काम होते. प्रणालींचेही तसेच आहे. काट्यावरचा संगणक बंद पडला तर दहाव्या मिनिटाला गाड्यांची रांग लागते. हजेरीची प्रणाली बंद पडली तर यंत्रावर नोंदी साठत राहतात आणि पगाराची तारीख जवळ येईपर्यंत कोणाचे अडत नाही. नकाशावर दोघांचे बाण सारखेच दिसतात, पण काट्याला जी जोडीची राखीव व्यवस्था हवी ती हजेरीला नको, आणि हा फरक दाखवणारा आकडा त्या त्या विभागात प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसाकडूनच मिळतो.

आता तुमच्या महागड्या सॉफ्टवेअरकडे येतो. अशी साधने सर्व्हरवरची चालू संभाषणे पाहतात. कोणता संगणक कोणाशी कोणत्या पोर्टवर, म्हणजे संवादाच्या कोणत्या क्रमांकित वाटेवर, बोलतो हे त्यांना अचूक दिसते. अगदी साध्या नेटस्टॅटसारख्या, विंडोज आणि लिनक्सवर फुकट मिळणाऱ्या आज्ञेनेही त्या क्षणी चालू असलेले दुवे दिसतात, आणि ती दर काही मिनिटांनी चालवून महिनाभराची नोंद ठेवली तर पुष्कळ काही हाती लागते. माणसांकडून काढलेला नकाशा आणि यंत्राने काढलेला नकाशा शेजारी ठेवावेत. जिथे ते जुळत नाहीत तिथेच खरे शिकायला मिळते. यंत्राला दिसले पण कोणीच सांगितले नाही असा दुवा म्हणजे वर सांगितलेल्या टेबलाखालच्या संगणकाची जात. माणसाने सांगितले पण यंत्राला दिसले नाही असा दुवा म्हणजे बहुतेक वेळा हाताने चालणारे काम: पगार विभागातला कर्मचारी एका प्रणालीतून एक्सेल फाइल काढतो, तीत दोन रकाने दुरुस्त करतो आणि बँकेच्या संकेतस्थळावर चढवतो. कोणतेही साधन हे पाहू शकत नाही, आणि तो कर्मचारी महिन्याच्या शेवटी रजेवर गेला की साऱ्या कारखान्याचा पगार खोळंबतो.

तुमचे प्रकल्प तीन ठिकाणी आहेत म्हणून शेवटची एक सूचना. नकाशाच्या तळाशी वीज, नेटवर्क आणि जागा यांचाही थर काढा. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या इंटरनेट लाइन घेतल्या म्हणजे आपण सुरक्षित झालो असे आपण धरून चालतो, पण त्या दोन्ही लाइन पंचगंगेवरच्या एकाच पुलाकडेने आणि एकाच चरातून जात असतील तर त्या दोन नव्हेत, एकच आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले होते, हे तुम्ही स्वतः पाहिले असेल. केबलचा मार्ग कोणता हे सेवा देणाऱ्याकडून लेखी मागून घ्या.

प्रश्न : आमच्या साखर कारखान्यात जून महिन्यात दहा दिवस नेटवर्कवर लक्ष ठेवून प्रणालींच्या दुव्यांचा नकाशा काढला. त्यात नऊ जुन्या प्रणालींकडे कोणीही फिरकत नसल्याचे दिसले. पुरवठादार म्हणतो की त्या बंद करून सर्व्हर परत करावेत. आपले मत काय? (संगणक विभाग, कागल तालुका)

उत्तर : कृपया घाई करू नये. साखर कारखान्याचे वर्ष हंगामावर चालते, आणि जूनमधले दहा दिवस पाहून त्याविषयी निष्कर्ष काढणे म्हणजे उन्हाळ्यात ओढा पाहून त्यावर पूल लागत नाही असे ठरवणे आहे. तोडणी-वाहतुकीची प्रणाली, गव्हाणीकडच्या काट्यांना जोडणारी प्रणाली, ऊसबिलाची प्रणाली या गाळप सुरू झाल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत त्याचे पैसे द्यावे लागतात, म्हणजे ही साखळी हंगामात तुटली तर ती सावकाश दुरुस्त करण्याची सोय तुम्हाला नाही, आणि पलीकडे पैशाची वाट पाहणारा शेतकरी आहे. निरीक्षणाच्या काळात किमान एक महिनाअखेर, एक तिमाही, ३१ मार्च आणि हंगामाची सुरुवात येऊन गेली पाहिजे. तोवर त्या नऊ प्रणालींपुढे 'निरुपयोगी' असे न लिहिता 'अद्याप हालचाल दिसलेली नाही' असे लिहावे. या दोन शेऱ्यांत फार अंतर आहे.

याचा अर्थ त्या कायम ठेवाव्यात असाही नाही. न वापरली जाणारी प्रणाली चालू ठेवणे हीदेखील जोखीम असते. अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीत १ ऑगस्ट २०१२ पासून वापरायचा नवा प्रोग्राम त्याआधी आठ सर्व्हरवर बसवायचा होता. सात सर्व्हरवर तो बसला, आठव्यावर राहिला. त्या आठव्या सर्व्हरवर अनेक वर्षे वापरात नसलेला एक जुना भाग तसाच पडून होता, आणि पूर्वी त्याला जागे करणारी खूणच नव्या प्रोग्रामने दुसऱ्या कामासाठी वापरली होती. त्या दिवशी बाजार उघडताच तो जुना भाग चालू झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. तेव्हा बंद करायचेच असेल तर ते पायरीपायरीने करा. पूर्ण बॅकअप घ्या, तो दुसऱ्या यंत्रावर खरोखर उघडतो का ते पाहा, संबंधित विभागाला लेखी कळवा, आणि मग यंत्र चालू ठेवून फक्त त्याची नेटवर्कची तार काढा. कोणी ओरडले तर तार पुन्हा जोडायला एक मिनिट लागते. एक पूर्ण हंगाम शांततेत गेला की मग सर्व्हर परत करा.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्हाला प्रोग्रामच्या आतल्या लायब्ररींच्या (इतरांनी लिहिलेल्या तयार भागांच्या) डिपेंडन्सी, म्हणजे एकमेकांवरचे अवलंबन, शिकवल्या जातात. आपण ज्याविषयी लिहिता तो हाच विषय आहे का? (विद्यार्थिनी, राजारामपुरी)

उत्तर : विषयाचे मूळ एकच, थर वेगळा. तुमच्या प्रोग्राममध्ये जी लायब्ररी येते ती आपल्याबरोबर आणखी पाच आणते, त्या पाच आणखी पंचवीस, आणि आपण प्रत्यक्ष मागितलेली त्यात एकच असते. मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्टच्या सार्वजनिक भांडारातून लेफ्ट-पॅड नावाचे जेमतेम ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतले, तेव्हा त्याचे नावही न ऐकलेल्या जगभरच्या असंख्य प्रोग्रामरांची कामे अडली. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतील गंभीर दोष उघड झाला. त्यावरची दुरुस्ती लवकरच उपलब्ध झाली, पण ही लायब्ररी आपल्याकडे नेमकी कोणकोणत्या प्रणालींच्या पोटात आहे हेच मोठमोठ्या कंपन्यांना ठाऊक नव्हते, आणि शोधण्यातच आठवडे गेले. ज्यांच्याकडे प्रत्येक प्रणालीतील घटकांची यादी तयार होती, त्यांना फक्त यादीत नाव शोधायचे होते. तुम्ही पदविकेचा किंवा पदवीचा प्रकल्प करता आहात, तर त्यासोबत अशी यादी आपोआप तयार होईल अशी व्यवस्था आताच करा. ती सवय नोकरीत उपयोगी पडेल.

प्रश्न : आम्ही दोन वर्षांपूर्वी खर्च करून असा नकाशा तयार केला. आज तो निम्मा चुकीचा आहे. तो ताजा कोणी ठेवायचा? शिवाय गेल्या महिन्यात रात्रभर वीज गेल्यावर सगळे सर्व्हर एकदम चालू केले, तर अर्ध्या प्रणाली उठेनात. नकाशाचा त्यात काही उपयोग झाला असता का? (देखभाल अभियंता, गोकुळ शिरगाव)

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, अंमल कठीण आहे. नकाशा सुधारणे हे वेगळे काम म्हणून ठेवले तर ते कोणीच करत नाही. ते ज्या कामावाचून पुढे जाता येत नाही अशा कामाला बांधावे. नवे लॉगिन, नवा फायरवॉल नियम, नवा शेड्यूल्ड जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारे काम) किंवा नवा सर्व्हर मागणाऱ्या अर्जातच 'कोणत्या प्रणालीकडून कोणत्या प्रणालीकडे' हा रकाना असावा आणि तो भरल्याशिवाय मंजुरी मिळू नये. त्याचबरोबर प्रत्येक बिघाडानंतर एक प्रश्न विचारावा, की हा दुवा नकाशात होता का? नसेल तर त्याच दिवशी काढावा. पूर्ण पण जुन्या नकाशापेक्षा अपुरा पण खरा नकाशा मला केव्हाही चालेल.

तुमचा दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. नकाशाचा तिथे नक्कीच उपयोग झाला असता, कारण सर्व्हर कोणत्या क्रमाने उठवायचे हे त्याच बाणांवरून निघते. जी प्रणाली कोणावरही अवलंबून नाही ती आधी, मग फक्त तिच्यावर अवलंबून असलेल्या, मग त्यांच्या वरच्या. साधारणपणे आधी नेटवर्कचे स्विच, मग साठवणुकीची यंत्रे, मग नावावरून पत्ता सांगणारा डीएनएस आणि लॉगिन तपासणारा सर्व्हर, मग डेटाबेस, मग ईआरपी, आणि शेवटी काटा-प्रयोगशाळेकडचे दुवे असा क्रम लागतो. बाण चालत गेल्यावर तुम्ही फिरून जिथून निघालात तिथेच आलात, तर ते चक्र आहे. लॉगिनचा सर्व्हर ज्या आभासी यंत्रावर (सॉफ्टवेअरने तयार केलेल्या संगणकावर) आहे, ते यंत्र चालू करायला लॉगिन लागते, हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिलेले चक्र आहे. रोजच्या व्यवहारात ते कळतही नाही, कारण दोन्ही आधीच चालू असतात. सगळे एकदम बंद पडल्यावरच ते मुळावर येते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे सहा तास बंद होते. देखभालीच्या एका आज्ञेने त्यांचे अंतर्गत नेटवर्क तुटले, आणि दुरुस्तीची साधनेही त्याच नेटवर्कवर विसंबून असल्याने अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावे लागले.

असे चक्र सापडले की ते एका ठिकाणी तोडावे लागते. वरच्या उदाहरणात त्या आभासी यंत्राला लॉगिन सर्व्हरवाचून चालणारे एक स्थानिक खाते ठेवायचे आणि त्याचा पासवर्ड मोहोरबंद पाकिटात तिजोरीत ठेवायचा, एवढ्याने भागते. क्रम एकदा ठरला की पावसाळ्यापूर्वीच्या एखाद्या सुट्टीच्या रविवारी सगळे मुद्दाम बंद करून त्याच क्रमाने उठवून पाहा, आणि प्रत्येक पायरीला किती मिनिटे लागली ते लिहा. मग तो क्रम फोन नंबरांसह मोठ्या अक्षरांत कागदावर छापून सर्व्हर रूमच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, आणि एक प्रत रात्रपाळीच्या इलेक्ट्रिशियनकडे द्या. फाइल फक्त संगणकात ठेवली, तर वीज गेलेल्या रात्री ती ज्या सर्व्हरवर आहे तोच अजून उठलेला नसेल.